कपाटातल्या विसरलेल्या रॉक रेकॉर्डकडे परत जाताना

ज्यांच्या घरी शंभर-दीडशे रेकॉर्ड्स आहेत, त्यांच्या कपाटात अशा दहा-बारा तरी निघतातच, ज्या घरात आल्यावर एकदा-दोनदा वाजल्या आणि मग शेजारच्या एखाद्या नावाजलेल्या रेकॉर्डच्या आड गेल्या त्या गेल्याच. माझ्याकडे अशी होती ती पिंक फ्लॉइड या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडची ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’. ही रेकॉर्ड जून १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच मार्चमध्ये त्याच चौघांची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आली, जी १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय रेकॉर्ड्सच्या यादीत एकूण ७४१ आठवडे टिकून राहिली. अशा भावंडाच्या पाठोपाठ नव्हे, तर नेमके त्याच्या आधी जन्माला येणे हे रेकॉर्डचे दुर्दैवच म्हटले पाहिजे, कारण लोक तिच्याकडे पुढे काय येणार आहे हे माहीत असलेल्या कानांनी पाहतात. दुर्लक्षित रेकॉर्ड बहुधा वाईट नसते. आपण तिला दुसऱ्याच रेकॉर्डच्या मापाने मोजलेले असते. ती नव्याने ऐकायची तर आधी हाताचे आणि मग कानाचे काम करावे लागते. त्याचा क्रम कसा असावा, हे मी याच एका रेकॉर्डच्या आधाराने सांगते.

कोणती रेकॉर्ड काढावी

जी रेकॉर्ड ऐकून तुम्हाला ती आवडली नाही असे स्पष्ट आठवते, ती सध्या राहू द्यावी. शोध घ्यायचा तो जिच्याबद्दल आपले काहीच मत नाही, अशा रेकॉर्डचा. यासाठी एक सोपी चाचणी आहे. कपाटासमोर बसून एकेक कव्हर बाहेर ओढावे आणि मागची बाजू न वाचता त्यातल्या एका तरी गाण्याची चाल गुणगुणता येते का ते पाहावे. कव्हर ओळखीचे, पण चाल एकही आठवत नाही, अशी रेकॉर्ड बाजूला ठेवावी.

दुसरी गोष्ट मांडणीची. बहुतेक जण रेकॉर्ड्स कलाकारांच्या नावाच्या अक्षरानुसार लावतात, ते ठीकच आहे. पण एका बँडच्या रेकॉर्ड्स आपसात वर्षानुक्रमे लावल्या की विसरलेल्या रेकॉर्ड्स आपोआप नजरेत भरतात. माझ्या कपाटात १९७१ ची ‘मेडल’ आणि १९७३ ची ‘डार्क साइड’ यांची कव्हरे हाताळून मऊ पडली होती आणि त्यांच्या मधले कव्हर मात्र कडक राहिले होते. चित्रपटांसाठी केलेले संगीत, मोठ्या यशाच्या आधीचे किंवा लगेच नंतरचे वर्ष, एखादा मुख्य सदस्य सोडून गेल्यानंतरची पहिली रेकॉर्ड या जागा हमखास तपासाव्यात, कारण रसिक आणि समीक्षक दोघेही तिथून घाईने पुढे गेलेले असतात.

लावण्याआधी वाचावी

रेकॉर्ड थेट टर्नटेबलवर ठेवण्याचा मोह आवरावा आणि दहा मिनिटे ती वस्तू म्हणून नीट पाहावी. माझी प्रत मामाने सत्तरच्या दशकात लंडनहून आणलेली आहे. तिच्या कव्हरचे कोपरे गोलाकार आहेत आणि ते उंदरांनी कुरतडले असावेत, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती. पुढे कळले की या रेकॉर्डची सुरुवातीची ब्रिटिश कव्हरे मुद्दाम तशीच गोल कोपऱ्यांची कापलेली होती. वरचे चित्र रेकॉर्ड्सची कव्हरे करणाऱ्या हिप्नोसिस या संस्थेचे आहे: झाडात बसलेल्या माणसाचे चित्रपटातलेच एक दृश्य, पण इतके अंधुक केलेले की हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या गोळ्यांपलीकडे काही हाती लागत नाही. ढगांनी झाकलेले असे नाव असलेल्या रेकॉर्डला याहून चपखल कव्हर मिळाले नसते.

मग तबकडी कडेने धरून दिव्याखाली तिरपी करावी. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर कोरलेले किंवा ठोकलेले आकडे-अक्षरे दिसतात. ब्रिटनमध्ये ईएमआय या कंपनीने छापलेल्या त्या काळच्या रेकॉर्ड्सवर खालच्या बाजूला रेकॉर्डचा क्रमांक असतो, जो या रेकॉर्डचा एसएचएसपी ४०२० आहे. डावीकडे एक छोटा अंक असतो आणि उजवीकडे एक-दोन अक्षरे. ही उजवीकडची अक्षरे म्हणजे तबकडी ज्या साच्यातून निघाली त्याचा क्रमांक असून तो ‘ग्रामोफ’ आणि ‘एलटीडी’ या इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक लिपीत लिहिलेला असतो. जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, याप्रमाणे पुढे एम, ओ, पी, एच, एल, टी असे जात शेवटचा डी म्हणजे शून्य. माझ्या प्रतीवर ‘जीए’ आहे, म्हणजे तेरावा साचा. साच्याचा क्रमांक लहान असला म्हणजे आवाज चांगलाच असेल असे नाही, परंतु आपल्या हातातली प्रत कुठून आली हे एकदा कळले की तिच्याशी ओळख सुरू होते. या टप्प्यावर तिची बाजारातली किंमत मात्र शोधू नये. किंमत कळली की हात कापू लागतो, आणि मग ती रेकॉर्ड ऐकण्याची न राहता सांभाळण्याची होते.

स्वच्छता

पुणे-मुंबईच्या आणि त्याहून अधिक कोकणातल्या हवेत वर्षानुवर्षे न काढलेल्या रेकॉर्डवर पावसाळ्याची खूण असतेच. तबकडीवर पांढुरके, कोळ्याच्या जाळ्यासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती पुसली जाते, पण कोरड्या कापडाने घासली तर खाचांमध्ये आणखी आत जाते. प्रथम नाकातोंडाला रुमाल बांधून कव्हर आणि आतली कागदी पिशवी गॅलरीत न्यावी व मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. उन्हात ठेवू नये, सावलीत वारा लागू द्यावा. तबकडी तर कधीच उन्हात ठेवू नये, कारण विनाइल थोड्याशा उष्णतेनेही वाकते.

धुण्यासाठी सीलबंद बाटलीतले डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. मी एकदा घाईने बोअरचे पाणी वापरले आणि तबकडी वाळल्यावर तिच्यावर क्षारांचे पांढरे डाग उमटले, जे काढायला पुन्हा दोन धुण्या कराव्या लागल्या. चार भाग पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळावे आणि त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एखादाच थेंब टाकावा. मऊ मायक्रोफायबर कापड या मिश्रणात भिजवून, पिळून, तबकडीवर खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल फिरवावे. मध्यापासून कडेकडे कधीही नाही. लेबल कोरडे राहिले पाहिजे. त्यानंतर दुसऱ्या कापडाने नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवावा, जेणेकरून साबणाचा अंश खाचांत राहणार नाही. वाळवण्यासाठी स्वयंपाकघरातले ताटाळे उत्तम. त्याच्या फटींमध्ये तबकडी कडेवर उभी राहते आणि दोन्ही बाजूंना हवा लागते. फक्त ताटाळे आधी कोरडे आणि तेलकटपणाविरहित करून घ्यावे, आणि घरात तशी आगाऊ सूचना द्यावी, नाहीतर कुणीतरी तिच्यावर ओली ताटली टेकवते.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आपल्याकडे अनेक घरांत रॉकच्या रेकॉर्ड्सच्या शेजारीच आजोबांच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या असतात. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. वरचे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नये.

धुतलेली तबकडी जुन्या कागदी पिशवीत परत घालू नये, कारण बुरशी तिथेच वस्तीला असते. पॉलिथिनचे अस्तर असलेली नवी पिशवी घ्यावी आणि जुनी, छापील असेल तर, कव्हरमध्येच पण वेगळी ठेवावी. बाहेरून घालायचे पीव्हीसीचे जाड पारदर्शक आवरण दिसायला सुबक असले तरी उष्ण हवेत त्यातले रसायन झिरपून तबकडीवर धुरकट थर बसतो, तेव्हा तेही टाळावे.

यंत्राची तयारी

याबद्दल लांबण लावत नाही. टर्नटेबल सपाट आहे का ते पाणसळीने पाहावे. सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाच्या, माहितीपत्रकात दिलेला असतो, बहुतेक आधुनिक कार्ट्रिजना तो दीड ते दोन ग्रॅम लागतो, आणि तो मोजण्याचा छोटा काटा स्वस्तात मिळतो. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते हा समज खोटा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तिनेच जास्त नुकसान होते.

सुईची मांडणी, म्हणजे ती खाचेत सरळ बसते की तिरकी, मात्र काळजीपूर्वक तपासावी, आणि त्याचे कारण या रेकॉर्डपुरते विशेष आहे. तबकडी एकाच गतीने, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरत असली तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असल्यामुळे आतली गाणी बिघडलेल्या मांडणीवर फाटल्यासारखी ऐकू येतात. ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’च्या पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ‘मडमेन’ आहे आणि त्यात डेव्हिड गिल्मोरची गिटार वरच्या पट्टीत चढत जाते. ती तिथे कर्कश वाटली तर दोष गिल्मोरला देण्याआधी कार्ट्रिजचे स्क्रू पाहावेत. माझे या रेकॉर्डबद्दलचे पहिले प्रतिकूल मत कितपत संगीताबद्दल होते आणि कितपत वाकड्या सुईबद्दल, हे आता सांगणे कठीण आहे.

पहिली बैठक

दोन्ही बाजू मिळून ही रेकॉर्ड चाळीस मिनिटांची आहे. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, कव्हर वाचू नये आणि रेकॉर्डविषयी कुठेही काही शोधू नये. जवळ एक कागद आणि पेन्सिल असावी. वाक्ये लिहू नयेत. जे कानाला थांबवते त्याचा एकच शब्द लिहावा. पहिली बाजू संपल्यावर लगेच उलटवू नये. उठावे, पाणी प्यावे, मग दुसरी बाजू लावावी, कारण ज्यांनी ही गाणी रचली त्यांना मध्ये हा खंड पडणार हे ठाऊक होते आणि त्यांनी क्रम त्या हिशेबाने लावला होता.

माझ्या कागदावर पहिल्या बाजूसमोर ‘घोंगावणे’, ‘ढोल’, ‘तीच चाल?’ असे शब्द आहेत. घोंगावणे म्हणजे सुरुवातीच्या शीर्षक-वादनातला व्हीसीएस ३ या सिंथेसायझरचा खालचा अखंड स्वर, ज्याच्यावर निक मेसनचे ड्रम हळूहळू येतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तो परका वाटत नाही. ‘तीच चाल?’ या प्रश्नचिन्हाकडे पुढे येते.

आता पार्श्वभूमी वाचावी

आधी ऐकणे आणि मग वाचणे हा क्रम उलटू नये, परंतु वाचण्याचे टाळूही नये. या रेकॉर्डच्या बाबतीत माझे मत बदलले ते वाचल्यामुळे.

हे संगीत बार्बे श्रोडर यांच्या ‘ला व्हॅले’ या फ्रेंच चित्रपटासाठी केलेले आहे. पापुआ न्यू गिनीत नकाशावर ढगांनी झाकलेली म्हणून कोरी राहिलेली एक दरी शोधत निघालेल्या माणसांची ती कथा आहे. श्रोडर यांच्यासाठी बँडने १९६९ मध्ये ‘मोअर’चेही संगीत केले होते. फेब्रुवारी १९७२ च्या शेवटच्या आठवड्यात चौघे पॅरिसजवळच्या एरूव्हिल इथल्या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत गेले. मग मध्ये जपानचा दौरा झाला, आणि मार्चअखेर आणखी काही दिवस त्याच ठिकाणी काम करून त्यांनी ध्वनिमुद्रण संपवले. म्हणजे सगळे मिळून दोन आठवडेही नाहीत. चित्रपटाचा कच्चा संकलित भाग पाहत, स्टॉपवॉच लावून, कोणत्या प्रसंगाला किती सेकंद हवेत ते मोजून त्यांनी तुकडे रचले. त्याच वर्षी जानेवारीपासून ‘डार्क साइड’ची आधीची आवृत्ती ते मैफलींत वाजवत होते, आणि तिचे ध्वनिमुद्रण मात्र या कामानंतर, मे महिन्यात ॲबी रोड स्टुडिओत सुरू झाले. पुढे चित्रपट कंपनीशी बिनसल्यामुळे रेकॉर्डला चित्रपटाचे नाव न देता वेगळे नाव दिले गेले; गंमत अशी की नंतर चित्रपटाच्याच नावाला हे नाव जोडावे लागले.

यातून ऐकणाऱ्याला काय मिळते? ‘मेडल’ची सबंध दुसरी बाजू तेवीस मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापलेली आहे. तिथून येणाऱ्याला या रेकॉर्डवरची दहा गाणी, ज्यांतले एकही सहा मिनिटांपर्यंत जात नाही, तुटक आणि अर्धवट वाटतात. मलाही तशीच वाटली होती. स्टॉपवॉचची हकीकत कळल्यावर लक्षात येते की ही लांबट रचनांची उरलीसुरली फडकी नव्हेत. एका बँडला फापटपसाऱ्याला वेळच मिळाला नाही आणि त्यामुळे त्याने सरळ गाणी लिहिली.

दुसरी-तिसरी बैठक: एका वेळी एकच धागा

यानंतरच्या बैठकांत सगळे ऐकण्याचा आग्रह सोडावा आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीच्या मागे जावे. एकदा फक्त रिक राइटची की-बोर्ड्स ऐकावीत, एकदा फक्त गाण्यांच्या सुरुवाती आणि शेवट, एकदा फक्त शब्द.

की-बोर्डच्या मागे गेल्यावर माझे प्रश्नचिन्ह सुटले. पहिल्या बाजूवरचे ‘बर्निंग ब्रिजेस’ हे गिल्मोर आणि राइट यांनी आळीपाळीने गायलेले गाणे आणि बाजू संपवणारे शब्दविरहित ‘मडमेन’ हे एकाच चालीवर बांधलेले आहेत. पहिल्यात ती चाल गाण्याच्या चौकटीत राहते, दुसऱ्यात तीच मोकळी होऊन गिटारच्या हवाली होते. एकच बंदिश आधी संथ मांडून मग वेगळ्या अंगाने फुलवावी, तसा हा प्रकार आहे, आणि मधल्या दोन गाण्यांमुळे तो पटकन पकडीत येत नाही. दोन्ही लागोपाठ लावून पाहावीत. त्यासाठी सुई उचलून ठेवताना हात स्थिर हवा.

सुरुवातींच्या मागे गेल्यास दुसऱ्या बाजूवर ‘चाइल्डहुड्स एंड’पाशी थांबावे. दुरून हळूहळू मोठा होत येणारा ऑर्गन, त्याखाली घड्याळासारखी ठोके देणारी लय आणि मग गिटारचा प्रवेश, हे ऐकताना ‘डार्क साइड’वरच्या ‘टाइम’ या गाण्याची चाहूल लागते. गाणे एकट्या गिल्मोरचे आहे आणि नाव आर्थर सी. क्लार्क यांच्या १९५३ च्या कादंबरीवरून आलेले आहे.

शब्दांच्या मागे जाणाऱ्याने ‘फ्री फोर’ सोडू नये. सुरुवातीला ताल मोजताना ‘थ्री’च्या जागी ‘फ्री’ म्हटले जाते आणि त्यावरूनच गाण्याला नाव पडले. ठेका इतका खेळकर की पाय हलू लागतो. शब्द मात्र म्हाताऱ्या माणसाच्या आठवणींचे, मरणाचे आणि बँडमधल्या रॉजर वॉटर्सच्या वडिलांचे, जे १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. हा विषय वॉटर्स पुढे १९७९ च्या ‘द वॉल’मध्ये आणि १९८३ च्या ‘द फायनल कट’मध्ये उघडपणे घेऊन बसला. तिथे तो जड आहे, इथे हसत हसत येतो, आणि मला विचाराल तर इथे तो जास्त बोचतो.

‘व्हॉट्स... अह द डील’ हे पहिल्या बाजूवरचे शांत गाणे पियानो आणि गिटार यांच्यासाठीच ऐकावे. गिल्मोरने २००६ च्या दौऱ्यात ते पुन्हा गायले. ‘द गोल्ड इट्स इन द’ मात्र पाचव्या बैठकीनंतरही मला साधारणच वाटते. एखादी रेकॉर्ड पुन्हा सापडली म्हणजे तिच्यातले सगळेच आवडून घ्यावे लागते असे नाही.

तुलना

रेकॉर्ड अंगवळणी पडल्यावरच, साधारण दोन आठवड्यांनी, शेजारच्या दोघी बाहेर काढाव्यात. ‘मेडल’, ही, आणि ‘डार्क साइड’ अशा क्रमाने तीन संध्याकाळी ऐकाव्यात. डिजिटल रूपाशी ताडून पाहायचे असेल तर २०१६ मध्ये ‘द अर्ली इयर्स’ या संचात या रेकॉर्डचे नव्याने केलेले मिश्रण आले आहे. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठे वाजणारे कानाला हमखास अधिक चांगले वाटते. चित्रपट पाहायचा तर याही नंतर पाहावा. त्यात हे संगीत तुकड्यातुकड्यांनी येते आणि एकदा ती दृश्ये डोक्यात बसली की निघत नाहीत.

नोंद आणि जागा

एका कोऱ्या कार्डावर धुतल्याची तारीख, कोणत्या सुईवर ऐकली आणि प्रत्येक बैठकीतले ते एकेक शब्द लिहून कार्ड कव्हरमध्ये, आतल्या पिशवीच्या बाहेर ठेवावे. महिनाभर ती रेकॉर्ड कपाटात परत न लावता टर्नटेबलजवळ उभी ठेवावी. त्या महिन्यात ती कुणीतरी सहज उचलून लावते, आणि तेव्हा आपण दुसऱ्या खोलीतून ऐकतो, जे समोर बसून ऐकण्याइतकेच उपयोगी असते. आमच्याकडे शेवटच्या ‘ॲब्सोल्यूटली कर्टन्स’मध्ये वाद्ये थांबून पापुआ न्यू गिनीतल्या मापुगा लोकांचे समूहगान सुरू झाले, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारले की हे कुठल्या गावचे भजन. रेकॉर्ड चाळीस वर्षे घरात होती आणि तिच्याबद्दल कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच रांगेत मामाने आणलेली ‘मोअर’ अजून तशीच आहे. तिच्या कडेला बुरशीचा एक ठिपका दिसतो. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की ताटाळ्यात तिचा नंबर.